नदीकाठच्या छोट्या विमानतळाचा पूर-आराखडा: पातळी मोजण्यापासून धावपट्टी पुन्हा उघडेपर्यंत

१५ ऑगस्ट २०१८ ला बंद झालेला कोची विमानतळ २९ ऑगस्टला दुपारी उघडला. पेरियार फुगली, तिचं पाणी शेजारच्या चेंगल ओढ्यातून आवारात घुसलं, सुमारे अडीच किलोमीटर कुंपणभिंत कोसळली आणि धावपट्टीच्या दिव्यांपासून सौरप्रकल्पापर्यंत सगळं पाण्यात गेलं. मधल्या काळात छोटी एटीआर विमानं नौदलाच्या आयएनएस गरुड तळावर उतरवावी लागली. २०१३ च्या ऑगस्टमध्येही हा विमानतळ पाण्यामुळे बंद पडला होता आणि २०१९ मध्ये पुन्हा पडला.

कोचीकडे पैसा आहे, माणसं आहेत, अभियंते आहेत. ज्या ठिकाणी एक धावपट्टी, दोन हँगर, प्रशिक्षणाची चार-सहा विमानं, एक इंधनटाकी, एक जनरेटर आणि रात्री दोन पहारेकरी एवढाच संसार आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. फ्लाइंग क्लब, राज्य सरकारच्या धावपट्ट्या, खासगी पट्ट्या, सगळ्यांना लागू पडेल असा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. ढगफुटी सांगून येत नाही, नदीचा पूर बहुतेक वेळा सांगून येतो. तो वरच्या धरणाच्या दरवाजातून निघतो, वरच्या पुलाखालून जातो आणि मग तुमच्याकडे पोचतो. मधले काही तास, कधी एखादा दिवस, तुमचा असतो. हा वेळ वाया जातो तो "साहेबांना विचारून सांगतो" यात. म्हणून प्रत्येक काम नदीच्या एका ठरलेल्या पातळीशी बांधायचं, त्यासमोर एका माणसाचं नाव लिहायचं आणि हे सगळं मे महिन्यातच उरकायचं.

उन्हाळ्यातलं काम: पातळ्यांचा तक्ता

पहिल्यांदा जलसंपदा विभागाच्या कार्यालयातून पूररेषांचा नकाशा मिळवा. महाराष्ट्रात निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. धावपट्टी निळ्या रेषेच्या आत असेल तर पूर येणारच असं धरून चाला. दोन रेषांच्या मधे असेल तरी हा आराखडा लागेलच.

मग एक सर्व्हेअर बोलवा आणि आवारातल्या गोष्टींची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घ्या. धावपट्टीची दोन्ही टोकं, हँगरची जमीन, जनरेटरचा चौथरा, वीजखोलीतल्या पॅनेलचा खालचा काठ, इंधनटाकीच्या हवानळीचं तोंड, फाटक, आणि सगळ्यात विसरली जाणारी जागा म्हणजे आवारातलं पाणी बाहेर नेणाऱ्या मोरीचं तोंड. धावपट्टीच्या टोकांची उंची विमानतळाच्या कागदपत्रांत असते, बाकीच्यांची जवळपास कुठेच नसते.

नदीची पातळी मात्र आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फुटांत सांगतात. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीला आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५. हे फूट त्या त्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत, समुद्रसपाटीपासूनचे नाहीत. मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे त्याच कार्यालयात विचारा. हा एक आकडा हाती आला की पुढचं साधं अंकगणित उरतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोजपट्टीचा शून्य ५२८ मीटरवर. धोका पातळी ४३ फूट, म्हणजे १३.१ मीटर. मोजपट्टीपाशी पाणी ५४१.१ मीटरवर. तुमची धावपट्टी तिथून सहा किलोमीटर वर आहे आणि पुरात नदीच्या पाण्याला किलोमीटरमागे दहा सेंटिमीटर उतार आहे असं धरलं, तर तुमच्यापाशी पाणी ५४१.७ वर. धावपट्टीचं सखल टोक ५४२.० वर असेल तर धोका पातळीलाही तुम्ही तीस सेंटिमीटरनं वाचता. दिलासा वाटतो ना? आता मोरीचं तोंड बघा. ते ५४०.५ वर असेल, तर मोजपट्टीवर ३९ फूट दिसतील तेव्हाच नदी त्या तोंडाशी येऊन थांबलेली असते. नदी अजून काठाच्या आत आहे, पण तुमच्या आवारातला पाऊस बाहेर जायचा बंद झाला. त्यापुढे एक फूट वाढलं की नदी गटारातून उलटी आत शिरते. कोचीला ओढ्यातून पाणी आलं ते काही वेगळं नव्हतं. नदीकाठच्या सपाट जागेवर पाणी पहिल्यांदा समोरून येत नाही, मागच्या नाल्यातून येतं.

उताराचा आकडा मात्र कागदावर ठरवून भागत नाही. खाली संगम असेल आणि तिकडची मोठी नदी चढलेली असेल तर फुगवट्यामुळे तुमच्याकडचं पाणी उतरतच नाही. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमामुळे काय होतं हे शिरोळकरांना वेगळं सांगायला नको. म्हणून दर पावसाळ्यात मोजपट्टीवरची पातळी आणि त्याच वेळची तुमच्या मोरीपाशी असलेली पातळी, दोन्ही एका वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांत तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो आणि तो कुठल्याही नकाशापेक्षा जास्त कामाचा असतो.

आणखी एक उंची मोजायची राहते: रस्त्याची. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ माळावर आहे, सुमारे ६०० मीटर उंचीवर. पंचगंगा तिथं पोचत नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीपाशी महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याकडून येणारी वाहतूक काही दिवस ठप्प झाली. विमानतळ कोरडा राहिला तरी इंधनाचा टँकर, पुढच्या पाळीची माणसं, त्यांचं जेवण कुठून येणार? तुमच्या रस्त्यावरचा सगळ्यात सखल पूल कितव्या फुटाला बुडतो हे तक्त्यात सगळ्यात वर लिहा. बऱ्याच ठिकाणी धावपट्टीच्या आधी तोच जातो.

चार टप्पे, चार आकडे

माझ्या मते चारच टप्पे पुरतात. जास्त केले की कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

तयारीचा टप्पा इशारा पातळीच्या बराच खाली सुरू होतो, किंवा वरच्या धरणातून मोठा विसर्ग जाहीर झाला की लगेच. राधानगरीसारख्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात, कुणाच्या आदेशाची वाट बघत नाहीत. त्यामुळे नुसती नदीची नव्हे, धरणाच्या साठ्याचीही रोजची नोंद ठेवा. चेन्नईला १ डिसेंबर २०१५ ला चेंबरमबक्कम तलावातून सेकंदाला २९,००० घनफूट पाणी अड्यार नदीत सोडलं गेलं, विमानतळ पाण्याखाली गेला आणि प्रवासी उड्डाणं सुरू व्हायला ६ डिसेंबर उजाडला. तिथली दुसरी धावपट्टी अड्यारवरच्या पुलावरून जाते.

दुसरा टप्पा हलवाहलवीचा. या टप्प्याला विमानं जातात, वाहनं जातात, कागद जातात. याचा आकडा ठरवताना उलटं मोजा: सगळं हलवायला किती तास लागतात, त्यातले उजेडाचे किती, आणि नदी तासाला किती चढते. रात्रीच्या दिव्यांची सोय नसेल तर दुपारी तीननंतर येणारा इशारा म्हणजे प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण, आणि तोवर पाणी आलेलं असू शकतं. म्हणून हा आकडा जरा खालचाच धरा. एखाद्या वर्षी विमानं उगाच हलवली गेली तर चारदोन तासांचं इंधन गेलं, एवढंच.

तिसरा टप्पा धावपट्टी बंद करण्याचा. बंद केल्याचं जगाला कळवणारी नोटॅम तुम्ही स्वतः काढू शकत नाही. मजकूर भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या वैमानिक माहिती कक्षाकडे पाठवावा लागतो. तो मजकूर आधीच लिहून ठेवा, फक्त तारीख-वेळ भरायची बाकी ठेवा. बंदी लांबणार असेल तर धावपट्टीवर पांढरी फुली आणि टॅक्सीवेवर (विमानं धावपट्टीपर्यंत ज्या रस्त्यानं जातात त्यावर) पिवळी फुली, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. फुल्या कापडाच्या करून ठेवल्यात तर वाळूच्या पोत्यांनी दाबता येतात, मात्र पाणी वाहायच्या आत.

चौथा टप्पा माणसं बाहेर काढण्याचा. रस्त्याचा पूल ज्या फुटाला बुडतो त्याच्या दीड-दोन फूट आधी. इथं सूट नाही. "मी थांबतो, लक्ष ठेवतो" म्हणणाऱ्या पहारेकऱ्याला सुद्धा बाहेर काढा. पाण्यात उभ्या असलेल्या मालमत्तेवर रात्री लक्ष ठेवून काही वाचत नाही.

प्रत्येक टप्प्यासमोर एक नाव आणि त्याच्या गैरहजेरीतलं दुसरं नाव. त्या नावाला कुणाला न विचारता निर्णय घ्यायचा लेखी अधिकार हवा. ही प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षालाही द्या. त्यांचा १०७७ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

विमानं

उडण्याजोगी आहेत ती उडवून न्या. त्यासाठी वरच्या भागातल्या दोन विमानतळांशी जागेबद्दल मे महिन्यातच बोलून ठेवा. दोन अशासाठी की तोच पाऊस त्यातल्या एका ठिकाणीही असू शकतो.

खरा प्रश्न न उडणाऱ्यांचा असतो. वार्षिक तपासणीसाठी उघडलेलं, इंजिन उतरवलेलं, सुट्या भागांसाठी महिनोन्‌महिने उभं असलेलं विमान. पावसाळ्याच्या तोंडावर एकाच वेळी दोन विमानं उघडून ठेवू नका, हे देखभाल अभियंत्याशी बसून ठरवा. उघडलेलं विमान ओढून न्यायला आवारातली सगळ्यात उंच जागा शोधा. बहुतेक वेळा ती धावपट्टीचं वरचं टोक असते. तिथं जमिनीत बांधायच्या कड्या आधीच पुरून ठेवा. सेस्ना १७२ चं रिकामं वजन पाऊण टनाच्या आसपास भरतं. कंबरभर वाहत्या पाण्यात ते जागेवर राहील असं धरू नका. एकदा तरंगायला लागलं की ते शेजारच्याला धडकतं, पंखाचं टोक छपराला लागतं आणि एकाच्या जागी तीन विमानं जातात.

मागे राहणाऱ्या विमानातून बॅटरी, रेडिओ, उपकरणं, आसनं काढून घ्या. आणि लॉगबुकं! विमान दुरुस्त होतं, पण त्याचा इतिहास पाण्यात विरघळला तर त्याची किंमत आणि उड्डाणयोग्यता दोन्ही सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. लॉगबुकं जलरोधक पेटीत घालून शहरात कुणाच्या तरी घरी पोचवा. पंखातल्या टाक्या भरून ठेवल्या तर विमान तरंगण्याची शक्यता कमी होते, पण पंख फुटला तर तेच इंधन पाण्यात जातं. हा निर्णय जागा आणि पाण्याचा वेग बघून अभियंत्यानं घ्यावा, मी सरसकट सल्ला देणार नाही.

हँगरची दारं बंद करून पाणी अडत नाही. एका बाजूला पाणी चढलं की दाब दारावर येतो आणि दार आत कोसळतं. पाणी येणार हे नक्की असेल तर दोन्ही बाजूंची दारं उघडी ठेवून पक्की अडकवा, पाणी आरपार जाऊ द्या.

इंधन

इथं सगळ्यात जास्त नुकसान शांतपणे होतं. जमिनीखालची २०,००० लिटरची टाकी पाण्यानं वेढली गेली की तिच्यावर वीस टनांपर्यंत वरचा रेटा येतो. टाकी रिकामी असेल आणि नांगरलेली नसेल तर ती फरशी फोडून वर येते, सोबत नळ्या तुटतात. म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली हवी, आणि ती भरायचा टँकर रस्ता बंद व्हायच्या आत यायला हवा. भरलेल्या टाकीवरही रेटा उरतो, कारण विमानाचं इंधन पाण्यापेक्षा हलकं असतं. टाकी काँक्रीटला पोलादी पट्ट्यांनी बांधलेली आहे का हे बसवणाऱ्याकडून लेखी घ्या. हवानळीचं तोंड जुन्या सर्वोच्च पूरपातळीच्या वर असायला हवं. ते उंच करणं स्वस्त काम आहे, पण टाकीच्या परवान्यात बसवून करा. तो परवाना देणारी केंद्र सरकारची संस्था म्हणजे पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

भरण्याच्या आणि मोजण्याच्या तोंडांची झाकणं घट्ट करा, झडपा बंद करा, पंपाची वीज तोडा, फिरती टाकी उंचावर न्या. सुटे पिंप बांधून ठेवा.

वीज आणि उपकरणं

पाणी पॅनेलला लागायच्या आधी मुख्य वीज बंद झाली पाहिजे. ओलं पण वीज नसलेलं उपकरण बऱ्याचदा वाचतं, चालू असताना बुडालेलं क्वचितच. जनरेटर, बॅटऱ्या, धावपट्टीच्या दिव्यांना वीज देणारे रेग्युलेटर हे सगळं पुढच्या दुरुस्तीच्या वेळी लाल रेषेच्या वर चढवा. दोन मीटरचा चौथरा आणि एक जिना एवढाच खर्च आहे. तोवर निदान हातातले रेडिओ आणि एक छोटा जनरेटर गच्चीवर.

पाणी आत असताना

या काळात करायचं फारसं नसतं. दिवसातून दोनदा सुरक्षित जागेवरून पातळीची नोंद आणि फोटो. धावपट्टीचा काही भाग कोरडा असेल तर बचावकार्यातली हेलिकॉप्टरं तो मागतील, आणि द्यायलाच हवा. त्यासाठी कोरड्या भागातले सुटे पत्रे, ताडपत्र्या, पिंप आधीच उचललेले हवेत, कारण पंख्याच्या वाऱ्यानं ते उडतात. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी असते. पश्चिम महाराष्ट्रात मदत बहुधा तिथूनच निघते.

पाणी उतरल्यावर: घाई नको

धावपट्टी दिसायला लागली की फोन सुरू होतात, कधी उघडता? मोठं नुकसान अशा वेळीच होतं. वरून काळी कुळकुळीत दिसणारी धावपट्टी आतून पोकळ असू शकते.

पहिली फेरी पायी, दोघांनी, पूर्ण लांबीची. कडेकडेनं चला, कारण पाणी ओसरताना काठाखालची माती घेऊन जातं. मोऱ्या जिथं धावपट्टी ओलांडतात तिथं थांबा. हातात पहार घ्या आणि दर दोन पावलांवर आपटत जा. भरीव जागी ठण्‌ असा आवाज येतो, पोकळ जागी ढब्ब. तो बदल कानाला लगेच कळतो. ढब्ब आवाज आला तिथं खडूनं गोल करा आणि उकरून बघेपर्यंत ती जागा बंद समजा. तडा असेल आणि त्यातून बारीक गाळ वर आलेला असेल, तर खालची माती पाण्यानं भरलेली आहे.

मग भरलेला ट्रक धावपट्टीवरून अगदी सावकाश चालवा, आणि एक माणूस मागून चाकाखालचं डांबर दबतंय का ते बघत जाऊ दे. दबलं तर अजून वाळायला हवं. जड विमानाला तोवर नाही म्हणा, कोण उतरणार आहे याचा विचार न करता.

गाळ ओला असतानाच धुवा. वाळला की घासावा लागतो, आणि त्याच्यावर पाऊस पडला की चाक घसरतं. धुतल्यावर साचलेल्या पाण्याची खोली मोजा. नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत धावपट्टीच्या तिन्ही भागांचा वेगवेगळा संकेतांक द्यायचा असतो. ६ म्हणजे कोरडी, ० म्हणजे सगळ्यात वाईट. तीन मिलिमीटरपर्यंत पाणी असेल तर ती ओली, संकेतांक ५. त्याहून जास्त साचलेलं असेल तर थेट २. एका मोठ्या सखल खड्ड्यामुळे तो अख्खा भाग वाईट ठरू शकतो, तेव्हा खड्डा झाडून काढा.

दिव्यांच्या तारांची मेगरनं (तारेचं आवरण शाबूत आहे का ते तपासणाऱ्या यंत्रानं) चाचणी झाल्याशिवाय वीज सोडू नका. उतरण्याचा कोन दाखवणारे पापी दिवे जागेवर उभे दिसले तरी त्यांचा पाया गाळात किंचित कलला असू शकतो. कोन तपासल्याशिवाय ते लावूच नका. चुकीचा कोन दाखवणारा दिवा बंद दिव्यापेक्षा घातक आहे.

कुंपण तुटलेलं असतं, त्यातून कुत्री आणि गुरं आत येतात. गवतात साप असतात, गमबूट घाला. मेलेले मासे आणि गांडुळं खायला घारी, बगळे, ढोकरी जमतात आणि ते महिनाभर हटत नाहीत. मेलेली जनावरं त्याच दिवशी पुरून टाका आणि उड्डाणं सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे प्रत्येक उड्डाणाआधी पट्टीवरून गाडी फिरवा.

इंधनटाकीतला नमुना तळापासून घ्या. पाणी ओळखणारी पेस्ट आणि कॅप्सूल, दोन्ही चाचण्या करा. अव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) निळं आणि स्वच्छ दिसलं पाहिजे, जेट इंधन पाण्यासारखं नितळ. शंका आली तर सगळा साठा बाजूला काढून कंपनीच्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्या.

बुडालेल्या विमानाला पहिल्या दिवशी फक्त फोटो आणि विमा कंपनीला कळवणं. पुढचा पंखा (प्रोपेलर) हातानं फिरवू नका, मास्टर स्विच लावू नका. आतलं गाळमिश्रित पाणी सिलिंडरमध्ये आणि बेअरिंगमध्ये असतं. एक फेरी फिरवली तरी चरे पडतात. विमा कंपनीची परवानगी मिळाली की गोड्या पाण्यानं धुवून, पॅनेल उघडून वाळवणं लवकर सुरू करा. दर दिवसाच्या उशिरानं गंज वाढतो. इंजिन उघडावंच लागेल, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) आणि उपकरणं बहुधा बदलावीच लागतील. पंखाच्या आतल्या बंद कप्प्यांत बसलेला गाळ दिसत नाही, तिथं बोरोस्कोप (नळीच्या टोकाला कॅमेरा असलेलं उपकरण) घालायला लावा.

भिंत बांधावी का?

पूर गेल्यावर पहिली मागणी भिंतीची होते. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात मिसिसिपीच्या वळणात छोटा विमानतळ आहे. १९९३ आणि २००१ च्या पुरांनंतर तिथं काही भाग काढता-घालता येणारी पूरभिंत उभी राहिली. अंदाज आला की खांब आणि फळ्या बसवतात. पण त्यांचा पूर बहुतेकदा बर्फ वितळल्याचा, त्याला आठवडे मिळतात. आपल्याकडे बाहेर नदी आणि आत धो धो पाऊस एकाच वेळी असतो. भिंतीच्या आतलं पाणी उपसायला मोठे पंप नसतील तर भिंत तळं तयार करते. सुरक्षेसाठी बांधलेली आपली अखंड कुंपणभिंतही तेच करते. तिला खालच्या बाजूनं जाळी बसवलेली मोठी भोकं ठेवा.

मी पैसे आधी मोरीवर घालीन. मोरीच्या नदीकडच्या तोंडाला एका दिशेनं उघडणारी लोखंडी झडप बसवा. आतलं पाणी बाहेर जातं, नदी चढली की झडप मिटते. तिच्यात काटक्या अडकल्या तर ती मिटत नाही, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हातानं हलवून बघायला माणूस नेमा. मग ओढ्यातला गाळ काढा, तोही विमानतळाच्या हद्दीपलीकडे, संगमापर्यंत. त्यासाठी ग्रामपंचायतीला सोबत घ्यावं लागतं. मग वीजखोलीचा चौथरा. भिंत शेवटी, आणि तीही पंपांसह.

पाणी उतरल्यावर आठवड्याच्या आत, भिंतींवरची चिखलाची रेघ धुऊन जायच्या आधी, हँगरवर आणि वीजखोलीवर तेलरंगानं पट्टा मारा, शेजारी तारीख आणि त्या वेळची मोजपट्टीवरची पातळी लिहा. सर्व्हेअरला पुन्हा बोलवून त्या पट्ट्याची उंची काढा आणि तक्त्यातले चारही आकडे त्याच्याशी ताडून दुरुस्त करा.